जबड्याच्या हाडातली रक्तवाहिन्यांची गाठ आपोआप भरून येते का?

तुम्ही लिहिलेलं सगळं नीट वाचलं. मुलगी बारा वर्षांची आहे. दातांना तारा लावायच्या म्हणून ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याचा एक्स-रे काढला, आणि त्यात खालच्या जबड्यात उजवीकडे, दाढांच्या मुळांखाली काळसर पोकळी दिसली. अहवालात प्रश्नचिन्ह टाकून ‘हेमॅन्जिओमा’, म्हणजे रक्तवाहिन्यांची गाठ, असं लिहिलंय. ब्रश करताना त्याच बाजूने कधीकधी रक्त येतं. एका दवाखान्यात म्हणाले, दाढ काढू आणि आतला तुकडा तपासायला पाठवू. घरातल्या मोठ्यांचं म्हणणं असं की लहान मुलांच्या अशा गाठी वयाबरोबर जिरतात, उगाच हात लावू नये. शिवाय अशी गाठ आपोआप भरून आल्याचं तुम्ही कुठेतरी वाचलंय. मग थांबलं तर चालेल का, हा तुमचा प्रश्न.

तोंड आणि जबड्याच्या शस्त्रक्रिया हे माझं रोजचं काम आहे. थांबण्याबद्दल मी सविस्तर लिहिते, पण एक गोष्ट आधी, कारण ती घाईची आहे. त्या पोकळीत रक्त किती वेगाने वाहतंय हे कळेपर्यंत त्या बाजूची दाढ काढू देऊ नका, बायॉप्सी करू देऊ नका आणि रूट कॅनालही नको. दुधाची एखादी दाढ अजून हलत असेल तर ती घरी दोरा बांधून किंवा बोटाने ओढून काढू नका. बाराव्या वर्षी शेवटची दुधाची दाढ पडायची राहिलेली असू शकते, म्हणून मुद्दाम लिहितेय. बाकी सगळं दोन-चार आठवडे शांतपणे करता येईल.

आता ‘आपोआप जिरतं’ या समजाकडे येऊ. हा समज खोटा नाही, तो वेगळ्या आजाराबद्दल आहे. तान्ह्या बाळाच्या गालावर, ओठावर किंवा डोक्यावर जन्मानंतर काही आठवड्यांत लालभडक उंचवटा येतो. पहिल्या काही महिन्यांत तो झपाट्याने वाढतो, वर्षाच्या आसपास थांबतो आणि पुढच्या तीन-चार वर्षांत फिकट होत जिरतो. हा खरा हेमॅन्जिओमा. त्यात रक्तवाहिनीच्या आतल्या थराच्या पेशी वाढतात आणि ठरल्यासारख्या मरतात, त्यांच्या जागी चरबी आणि तंतू येतात. २००८ साली फ्रान्समधल्या बोर्दोच्या डॉक्टरांनी प्रोप्रॅनोलॉल या हृदयविकाराच्या जुन्या औषधाने तो लवकर आकसतो हे दाखवलं, तेव्हापासून गरज असलेल्या बाळांना ते देतात. तुमच्या घरातल्या मोठ्यांनी बहुधा असंच एखादं बाळ पाहिलं असेल आणि त्यांनी पाहिलेलं खरंच आहे.

पण हा आजार त्वचेचा आणि मऊ भागांचा, आणि तो बाळपणातच सुरू होतो. बाराव्या वर्षी जबड्याच्या हाडात जे सापडतं ते सहसा तो नसतं. १९८२ मध्ये मलिकन आणि ग्लोवाकी या दोघांनी रक्तवाहिन्यांच्या या आजारांची दोन घरं केली. एका घरात पेशी वाढणाऱ्या गाठी, दुसऱ्यात जन्मतःच चुकीच्या जोडणीने घडलेल्या रक्तवाहिन्या, म्हणजे विकृती. विकृतीतल्या पेशी बेसुमार वाढत नाहीत, त्यामुळे त्या मरून गाठ जिरण्याचाही प्रश्न येत नाही. ती मुलाबरोबर वाढते. वयात येताना, गरोदरपणात, मार लागल्यावर किंवा अर्धवट छेडछाड झाल्यावर ती अचानक जोर धरू शकते. जबड्याच्या हाडात ‘हेमॅन्जिओमा’ म्हणून जे लिहिलं जातं, त्यातलं बरंचसं आजच्या वर्गीकरणात या दुसऱ्या घरात बसतं. जुनं नाव अहवालांमध्ये अजून चालतं, त्यात लिहिणाऱ्याचा दोष नाही, पण त्या नावावरून ‘जिरेल’ असा अर्थ काढू नका.

या विकृतींमध्येही दोन प्रकार आहेत आणि पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. एक संथ प्रवाहाचा. त्यात हाडात फुगलेल्या शिरा असतात, रक्त रेंगाळतं, दाब कमी असतो. असा माणूस वर्षानुवर्षं काही त्रास न होता राहू शकतो. दुसरा वेगवान प्रवाहाचा, ज्याला आम्ही एव्हीएम म्हणतो. इथे धमनी मधल्या केशवाहिन्यांच्या जाळीतून न जाता थेट शिरेत उघडते. धमनीचा दाब शिरेवर येतो, शीर हाडाच्या आत फुग्यासारखी मोठी होते आणि भोवतालचं हाड झिजवत जागा करते. वर दाढा असतातच, त्यांची मुळं त्या फुगलेल्या शिरेत जवळजवळ लोंबत असतात. अशी दाढ साधी किडकी दाढ समजून काढली तर जे रक्त येतं ते कापसाच्या बोळ्याने थांबणारं नसतं. या आजारात दाढ काढताना मृत्यू झाल्याच्या नोंदी जगभर आहेत. तुम्हाला घाबरवायला लिहीत नाही. ‘दाढ काढून तुकडा पाठवू’ याला मी एवढा विरोध का करते, ते कळावं म्हणून लिहितेय.

माझ्याकडे तालुक्याच्या गावातून एक मुलगा आला होता, दहावीच्या आसपासचा. सकाळी उशीवर रक्ताचे डाग, खालची दाढ हलतेय, एवढीच तक्रार. गावच्या दंतवैद्यांनी दाढ काढायची तयारी केली होती. भूल द्यायच्या आधी त्यांनी सवयीने हिरडीवर बोट ठेवलं आणि त्यांना बोटाखाली थरथर जाणवली. त्यांनी सुई खाली ठेवली आणि मुलाला आमच्याकडे पाठवलं. मी दाढेवर बोट दाबलं तर ती खाली गेली, आणि बोट काढल्यावर हळूहळू पुन्हा वर आली. हे लक्षण एकदा पाहिलं की विसरत नाही. स्टेथोस्कोप जबड्याच्या कोनावर ठेवला तर प्रत्येक ठोक्याला फुस् फुस् आवाज येत होता. एक्स-रेत पोकळी फार मोठी नव्हती, पण खालच्या जबड्यातून जी नस आणि धमनी जाते तिचा बोगदा रुंद झाला होता आणि नागमोडी वळला होता. त्या दंतवैद्यांच्या त्या एका बोटाने मुलाचा जीव वाचवला असं मी आजही मानते, आणि शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला हे सांगते.

तुमच्या मुलीला यातलं काही आहे का, हे मला इथून सांगता येणार नाही. हिरडीतून रक्त येण्याचं सगळ्यात साधं कारण नीट ब्रश न होणं, आणि तिच्या वयात दुसरी दाढ हिरडी फाडून वर येत असते, तेव्हाही रक्त येतं. पण कुणी तपासलं नसेल तर पुढच्या डॉक्टरांना या गोष्टी आवर्जून बघायला सांगा. हिरडीवर आणि गालावर बोट ठेवून थरथर, जबड्यावर स्टेथोस्कोप, दाढ दाबून वर येते का, गालाची त्वचा त्या बाजूला जास्त गरम किंवा लालसर आहे का, खालचा ओठ बधिर आहे का. पाच मिनिटांचं काम आहे.

आणि हेही खरं की ती पोकळी रक्तवाहिन्यांची नसेलही. एक्स-रेवर रक्तवाहिन्यांच्या विकृतीची अशी एकच ठरलेली खूण नसते. कधी मधाच्या पोळ्यासारखी घरं दिसतात, कधी साबणाच्या फेसासारखी, कधी नुसता एक काळा डाग. बारा वर्षांच्या मुलीच्या खालच्या जबड्यात दाढांच्या मुळांखाली दिसणाऱ्या काळ्या पोकळीची बरीच निरुपद्रवी कारणं असतात. त्यात साधी अस्थिपोकळी हे एक मोठं कारण. ती बहुधा किशोरवयात सापडते, दुखत नाही, दातांची मुळं जिवंत असतात आणि पोकळीची वरची कड मुळांच्या मधून वेलबुट्टीसारखी वर चढलेली दिसते. उघडून पाहिली तर आत जवळपास काहीच नसतं, किंवा थोडं रक्ताळलेलं पाणी असतं. उघडताना आत जे रक्त साचतं त्याची गुठळी होते आणि काही महिन्यांत तिथे हाड भरतं. काही पोकळ्या तर न उघडताच भरून येतात.

म्हणून ‘आपोआप बरं झालं’ असं वाचलं की मी आधी विचारते, आजार हाच होता हे ठरवलं कशावरून? जबड्यातल्या रक्तवाहिन्यांच्या विकृती आपोआप नाहीशा झाल्याच्या तुरळक नोंदी आहेत, ते मी नाकारत नाही. रक्त इतकं संथ होऊ शकतं की आतच गुठळी होऊन प्रवाह बंद पडतो. छोटी विकृती, रक्त बाहेर नेणारी एकच शीर, मध्यंतरी झालेला रक्तस्राव, अशा परिस्थितीत हे शक्य असतं, आणि मेंदूतल्या एव्हीएमबाबतही क्वचित असं घडल्याचं माहीत आहे. पण अशा रुग्णांमध्ये बायॉप्सी करणं धोक्याचं म्हणून बहुधा केलेली नसते. मग जी पोकळी भरून आली ती विकृतीच होती की साधी अस्थिपोकळी, हे अँजिओग्राफी, म्हणजे रक्तवाहिन्यांचं चित्र काढणारी तपासणी, झालेली असेल तरच खात्रीने सांगता येतं. आणि जे रुग्ण थांबले आणि ज्यांना मोठा रक्तस्राव झाला, त्यांच्या गोष्टी ‘आपोआप बरं झालं’ या मथळ्याखाली येत नाहीत. अपवादात्मक घटनेची बातमी होते. तिच्या भरवशावर मी माझ्या घरच्या मुलीला थांबवलं नसतं.

हाड भरून येण्याचं खरं, पुन्हापुन्हा दिसणारं उदाहरण वेगळं आहे. एव्हीएमचं तोंड एकदा नीट बंद केलं की हाड स्वतःहून भरतं. तालुक्याच्या गावातून आलेल्या त्या मुलाचं तेच केलं. इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्टनी, म्हणजे एक्स-रेत बघत नळीने उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी, मांडीच्या धमनीतून बारीक नळी वर नेऊन रक्त कुठून येतंय ते पाहिलं, आणि हाडाच्या आत फुगलेल्या शिरेत थेट सुई घालून वैद्यकीय गोंद भरला. असं आतून बंद करण्याला एम्बोलायझेशन म्हणतात. यात मुद्दा असा की ती शीर बंद व्हावी लागते. नुसत्या येणाऱ्या धमन्या बंद करत बसणं म्हणजे विहिरीचे झरे बुजवत बसणं, पाणी दुसऱ्या झऱ्यांनी येत राहतं. शीर बंद झाली की हाडावरचा ठोक्याठोक्याचा दाब जातो आणि मुलांचं हाड फार लवकर कामाला लागतं. काही महिन्यांनी काढलेल्या एक्स-रेत जिथे काळं होतं तिथे जाळीदार नवं हाड दिसत होतं, दाढ घट्ट झाली होती. ती दाढ आम्ही काढलीच नाही. पूर्वी अशा आजारात जबड्याचा भाग कापून काढावा लागे. आता ती वेळ कमी लोकांवर येते, तरी गाठ फार मोठी असेल किंवा एम्बोलायझेशननंतर पुन्हा उघडली तर शस्त्रक्रिया लागते, आणि ती एम्बोलायझेशनच्या जोडीनेच करतात.

याच कारणाने, कुणी मानेतली मोठी धमनी बांधून टाकू असं म्हटलं तर आधी दुसरं मत घ्या. बाजूच्या वाहिन्यांतून रक्त पुन्हा येतं आणि नळी नेण्याचा रस्ता मात्र कायमचा बंद होतो.

तपासण्यांचं आता. पहिली पसंती एमआरआय, शक्य असेल तर रक्तप्रवाह दाखवणाऱ्या अँजिओग्राफीसह. किरणोत्सर्ग नाही, आणि वेगवान प्रवाह असेल तर वाहिन्या काळ्या पोकळ दिसतात, संथ असेल तर भाग पांढरा उजळतो. एवढ्यावरून बहुतेक वेळा रस्ता ठरतो. म्हणूनच, धातूच्या तारा एमआरआयच्या आधी लावू नका. त्या तारांमुळे नेमकं जबड्याचं चित्र बिघडतं आणि मग त्या काढून परत लावाव्या लागतात. तारा दोन-तीन महिने उशिरा लागल्या तरी मुलीचं काही नुकसान होत नाही, तुमच्या ऑर्थोडॉन्टिस्टना ते पटेल. वेगवान प्रवाह दिसला तर सीटी अँजिओग्राफी किंवा थेट डीएसए, म्हणजे धमनीत नळी नेऊन केलेली अँजिओग्राफी, लागते, ती उपचारांच्या तयारीनेच करायची. प्रवाह दिसलाच नाही तर ऑपरेशन थिएटरमध्ये जाड सुईने आत काय आहे ते ओढून बघतात. सुईत लालभडक रक्त आपल्या जोरावर भरू लागलं तर तिथेच थांबायचं. हवा, पिवळसर पाणी किंवा थोडं काळपट रक्त आलं तर पुढे उघडून बघता येतं. हाडातली कोणतीही काळी पोकळी उघडण्याआधी सुईने पाहायचं, हा नियम आम्हाला पदवीच्या वर्षांतच शिकवतात. बायॉप्सी कुणी सुचवली तर सुई आधी घालणार का, असं नम्रपणे विचारा.

आता थांबायचं कधी. अस्थिपोकळी निघाली आणि डॉक्टरांना खात्री असेल, तर थांबून सहा महिन्यांनी एक्स-रे काढणं योग्य आहे, किंवा छोटीशी शस्त्रक्रिया करून मोकळं होणं, दोन्ही चालतं. संथ प्रवाहाची विकृती निघाली, दात हलत नाहीत, सूज नाही, रक्त येत नाही, तर तेव्हाही थांबणं हा चांगला निर्णय असू शकतो. माझ्याकडे चाळिशीतल्या एक बाई आहेत, वरच्या जबड्यात अशी विकृती, एक्स-रेत पोळ्यासारखी घरं. वर्षातून एकदा येतात, चित्रात फरक नसतो, त्यांना मी काहीही केलेलं नाही. फक्त त्यांच्या फाइलवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय आणि त्यांच्या दंतवैद्यांना कळवलंय, म्हणजे कुणी नकळत त्या बाजूची दाढ काढणार नाही.

वेगवान प्रवाह निघाला तर मात्र मी थांबत नाही, त्रास नसला तरी. शरीरात इतर ठिकाणी शांत असलेल्या एव्हीएमवर लक्ष ठेवून राहणं बरेच डॉक्टर पसंत करतात आणि त्यात तथ्य आहे. पण दाढांच्या खालचं हाड ही वेगळी जागा आहे. तिथे दात येतात, हलतात, किडतात, पुढे अक्कलदाढ येते, खेळताना मार लागतो. आणि तुमची मुलगी वयात येतेय, म्हणजे विकृती जोर धरण्याच्याच काळात आहे. या बाबतीत दोन अनुभवी डॉक्टरांचं मत वेगळं पडू शकतं. पडलं तर दोघांना त्यांचं कारण विचारा.

तपासणी होईपर्यंत घरी काय करायचं तेही लिहिते. ब्रश बंद करू नका, मऊ ब्रशने त्या बाजूलाही रोज दात घासा, कारण सुजलेल्या हिरडीतून जास्त रक्त येतं. ताप किंवा दुखण्यासाठी पॅरासिटामॉल द्या, ॲस्पिरिन आणि आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या टाळा. कबड्डी, कराटे, जिथे तोंडावर मार लागू शकतो ते थोडे दिवस बंद. शाळेत वर्गशिक्षकांना सांगून ठेवा. रक्त आलं आणि थांबत नसेल तर तिला बसवा, पुढे झुकवा, स्वच्छ कापडाची घट्ट घडी त्या जागेवर ठेवून जोराने चावायला लावा आणि तशीच दवाखान्यात घेऊन जा. पुन्हापुन्हा कापड काढून बघू नका, चूळ भरू देऊ नका. पक्की दाढ निखळून जोराचं रक्त आलं तर ती दाढ परत तिच्याच खोबणीत बसवून वर कापड ठेवून चावायला लावणं हा सगळ्यात चांगला बूच आहे. बहुधा हे करायची वेळ येणार नाही, पण घरातल्या सगळ्यांना माहीत असू द्या.

जायचं कुठे, तर जिथे जबड्याचे शस्त्रक्रियातज्ज्ञ आणि इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट एकाच छताखाली आहेत किंवा एकमेकांशी बोलून काम करतात तिथे. मुंबई, पुणे, नागपूर इथल्या मोठ्या रुग्णालयांत ही सोय मिळते. सरकारी दंत महाविद्यालयात सुरुवात केलीत तरी हरकत नाही, ते पुढे पाठवतात. खर्चाची काळजी असेल तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्रांकडे महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत काय बसतं ते दाखल होण्याआधीच विचारा आणि रेशन कार्ड, आधार सोबत ठेवा. ओपीजीची मूळ फिल्म किंवा फाइल घेऊन जा, मोबाइलवर काढलेल्या फोटोत तो बोगदा रुंद झालाय का ते दिसत नाही. पूर्वीचा कुठलाही दाताचा एक्स-रे घरात असेल तर तोही शोधा. दोन वर्षांपूर्वीच्या छोट्याशा एक्स-रेतही पोकळी तेव्हा होती का, आणि वाढली का, हे कळू शकतं, आणि त्यावरून किती घाई करायची ते ठरवायला मदत होते.

एमआरआय झाला की त्यात प्रवाहाबद्दल काय लिहिलंय ते इथे कळवा. मुलीचं नाव, रुग्णालयाचं नाव टाकू नका, तेवढं वाक्य पुरेसं आहे. त्यावरून पुढे कुणाला काय विचारायचं ते मी लिहीन.